उजव्या बाजूची सात घरं

आमच्या आणि सबनिसांच्या घरात भिंत एकच आहे. त्यांच्या बाजूने तिच्यावर एकवीस सालच्या पुराची रेघ आहे आणि आमच्या बाजूने माझा कान आहे, असं शरदराव सबनीस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी नाकारत नाही. महाडात शेजारी असून कान बंद ठेवणं म्हणजे सावित्रीच्या काठी राहून पाण्याकडे पाठ करून बसणं. कधी काय आत येईल, सांगता येत नाही.

शरदरावांनी पस्तीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. अर्धा तालुका त्यांना अजून ‘सर’ म्हणतो, कारण अर्ध्या तालुक्याची वर्तुळं त्यांनी कान पिरगाळून गोल केलेली आहेत. पुरात त्यांचे आयुष्यभराचे कागद लगदा होऊन गेले. महिनाभर ते ओट्यावर गप्प बसून होते. मग एक दिवस उठून कंप्युटर घेऊन आले, साठी उलटल्यावर तो शिकले आणि लोकांच्या वंशावळी काढून द्यायला लागले.

वंशावळीला हल्ली फार गिऱ्हाईक आहे. कुणाला दाखल्यासाठी हवी असते, कुणाला सातबाऱ्यावर वारस लावायला, आणि मुंबईच्या मंडळांना देवळात टांगायला. बाकीचे लोक चौकोन काढतात, रेघा मारतात, संपलं. शरदरावांचं मात्र झाड असतं. खोडाला साल, फांदीला गाठी, आणि प्रत्येक पानावर एक माणूस. आणि सगळं तीनशे डीपीआयमध्ये. म्हणजे छापल्यावर एका इंचात तीनशे ठिपके. सहा फुटी फलक असला तरी तीनशे. त्यांची फाइल सेव्ह व्हायला लागली की मी आमटीला फोडणी घालते. आमटी आधी होते.

फ्लेक्सवाला एकदा म्हणाला, “सर, एवढ्या मोठ्या साइजला बहात्तर पण चालतंय.”

“पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चालतं,” शरदराव म्हणाले. “पुढारी वीस फुटांवरूनच बघायचा असतो. पूर्वजांना माणसं नाक लावून बघतात.”

माणसांनाही ते याच मापाने मोजतात. अमक्याचं रिझोल्यूशन कमी आहे, लांबूनच बरा. माझं वजन वाढलं तेव्हा म्हणाले, “वहिनी, तुमची फाइल जड झालीय, उघडायला वेळ लागतो.” मी म्हटलं, “उघडू नका, आमच्यांनीही नाद सोडलाय.” त्यांची बायको सुनीती आतून हसली. आमची चेष्टा अशी भिंतीतून इकडे-तिकडे चालू असते.

एका गोष्टीवर मात्र मी कधी बोललेले नाही. सबनिसांना मूल नाही. त्यांनी स्वतःच्या घराण्याची वंशावळ करून पुढच्या खोलीत लावली आहे. तिच्यात एका फांदीच्या टोकाला ‘शरद – सुनीती’ आहे आणि त्याच्या पुढे एक कोरं पान आहे. बाकीच्या सगळ्या पानांवर नावं, या एकावर काही नाही. शिरा मात्र सगळ्यात बारकाईने त्याच पानाच्या काढलेल्या आहेत. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जिभेवर आलेलं गिळून टाकलं. माझ्या खात्यावर एवढंच एक पुण्य जमा आहे.

गेल्या श्रावणापासून त्यांच्या कंप्युटरवर एक फाइल उघडी आहे. ती ते बंद करत नाहीत. मी तिच्यावरही आता चेष्टा करत नाही. तिची ही गोष्ट.

आषाढात रितेश उतेकर आला. पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या बाजूला वर चढून गेलं की हेदवाडी म्हणून उतेकरांची वाडी आहे, तिथला. मुंबईत लिफ्टच्या कंपनीत कामाला आणि हेदवाडीच्या मुंबईकर मंडळाचा सेक्रेटरी. गळ्यात चेन, हातात दोन फोन, आणि बोलण्यात आपला गाव, हिंदी आणि इंग्रजी अशी भेळ. त्याने आधी वंशावळीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. शरदरावांनी तो उघडला, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि फोन करून सांगितलं, “हे काय पाठवलंयस, वंशावळ की पोह्यातली मोहरी? मूळ कागद घेऊन ये.”

तो घेऊन आला. पाइपात गुंडाळलेला, मागून कापड चिकटवलेला, दीड हात लांब कागद. सोनबा उतेकर म्हणून वाडीचा म्हातारा आहे, त्याचा आजा धोंडू त्या काळात चार बुकं शिकलेला होता. त्याने बोरूने काढलेलं ते झाड. खोडाशी देऊळ, आणि वर वेड्यावाकड्या फांद्या. डावीकडे दाट, मधे विरळ, उजवीकडे वर सात फांद्यांचा एक घोस.

“आजोबांचा अंदाज चुकला वाटतं,” मी म्हटलं. मी अर्थातच साखर मागायला गेले होते. “झाड एका अंगाला कलंडलंय.”

“मावशी, तेच तर सरांनी सरळ करायचंय,” रितेश म्हणाला. “सर, सहा बाय चार फूट. गोल्डन बॉर्डर. गोकुळाष्टमीला आपल्या नव्या मंडपाचं ओपनिंग हाय. मुंबईवरून चार बस येतायत. बायका-पोरं सगळी मंडपातच झोपणार, फुल टाइल्स, बारा पंखे. एकदम झकास काम केलाय.”

“जागा कुठे मिळाली?” शरदरावांनी सहज विचारलं.

“तीच तर गंमत हाय, सर! आमच्या भावकीत एका फणसाला बावीस मालक. गोठा बांधायला काढला तरी पाच जण कागद घेऊन उभे. पण देवळाच्या वरच्या अंगाला सपाट टप्पा हाय ना, तिथं बांधतो म्हटलं तर एक पण हरकत नाय आली. एक पण! देवाचीच मर्जी म्हणायची.”

मग त्याने कागदावर उजवीकडच्या त्या सात फांद्यांवर बोट ठेवलं. “आणि सर, ही काढून टाका.”

“का?”

“विझलेली घरं हायत ती. पुढं वंश नाय. सोनबातात्या बोलले, विझलेल्या घराचं नाव शुभकार्यात घेत नाय आमच्यात. आपशकुन होतो.”

शरदरावांची नजर एकदा समोरच्या भिंतीकडे गेली, कोऱ्या पानाकडे. मग त्यांनी वहीत लिहिलं: उजवीकडच्या सात, काढणे.

पुढचे पंधरा दिवस ते त्या कागदाला चिकटून होते. लहान स्कॅनरवर बारा तुकड्यांत तो स्कॅन केला, तुकडे जोडले. फांद्या सरळ केल्या, डावीकडची गर्दी पसरून मधे आणली, घराणं कसं तोलदार दिसायला लागलं. त्या सातही फांद्यांवरची नावं पुसली. तरी उजवीकडे वर एक भोक राहिलंच.

“टक्कल पडलंय झाडाला,” मी म्हटलं.

“तिथे मंडपाचा फोटो बसवतो.” त्यांनी रितेशला फोन केला: मंडपाचा फोटो पाठव, पण डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर परत मोहरी येईल. रितेशने देवळाच्या पायरीवर उभं राहून काढलेला फोटो पाठवला. गुलाबी रंगाचा लांबलचक मंडप, त्याच्या मागे एक उंच ऐनाचं झाड आणि ऐनाच्या मागे लगेच डोंगर. शरदरावांनी तो गोल कापला आणि मोकळ्या जागेत बसवला. अगदी बेतून ठेवल्यासारखा बसला.

फोटोची कड मागच्या रंगात मिसळेना, म्हणून जुन्या कागदाचा रंग घ्यायला त्यांनी मूळ स्कॅन परत उघडला आणि उजवा कोपरा मोठा केला. मी आमच्या बाजूला तांदूळ निवडत होते. पलीकडून माउसचा आवाज थांबला. मग हाक आली, “वहिनी, जरा येता का? साखर घेऊन जा.”

मी साखर मागितली नव्हती. म्हणून लगेच गेले.

पडद्यावर त्या पुसलेल्या नावांपैकी एक नाव पाटाएवढं झालेलं होतं. मालोजी. त्याच्या खाली, आम्ही दोघं इतके दिवस जिला झुरळाची घाण समजत होतो, ती अक्षरं होती. बोरूची नाही, कसल्यातरी काडीने लिहिलेली, तिळाएवढी.

“वाचा,” शरदराव म्हणाले. “माझा डोळा मला फसवत असेल तर तुम्ही सांगा.”

“श्रा. व. १२,” मी वाचलं. “श्रावण वद्य द्वादशी. म्हणजे हा मालोजी द्वादशीला गेला. बरं मग?”

त्यांनी पडदा सरकवला. दुसरं नाव. खाली श्रा. व. १२. तिसरं. श्रा. व. १२. चौथ्या नावाला मी वाचायचं थांबले. ते सरकवत गेले. सातही घरांचे कर्ते, त्यांची मुलं, एका घरात तर नुसतं ‘पोर’ एवढंच लिहिलेलं. सगळ्यांखाली तीच तिथी. शेवटच्या फांदीच्या टोकाला साल होतं, शके अठराशे पस्तीस, आणि दोन शब्द.

डोंगर उतरला.

सुनीती चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

“असेल कुठली तरी दरड, शंभर वर्षांपूर्वीची,” मी शेवटी म्हटलं. “कुठे पडली ते थोडंच लिहिलंय?”

“तेच बघायचंय,” शरदराव म्हणाले. “परवा शुक्रवार. येताय?”

मी न विचारताही गेले असते.

पोलादपूरपर्यंत एसटीने आणि पुढे सहाआसनी रिक्षाने गेलो. पाऊस सारखा नव्हता, पण थांबलेलाही नव्हता. हेदवाडी उताराला टप्प्याटप्प्यांनी बसलेली. खाली रस्त्याला शाळा, मग घरं, मग देऊळ, देवळाच्या वर उजवीकडे गुलाबी मंडप. मंडपाच्या अगदी खालच्या टप्प्याला, देवळाला लागून, सोनबा उतेकराचं घर. सोनबा अठ्ठ्याहत्तरचा, वाळलेल्या शेंगेसारखा खडखडीत. त्याची चुलती बयाबाई नव्वदीला टेकलेली, ओटीवर घोंगडी पांघरून बसलेली.

शरदरावांनी देवळाच्या पायरीवर उभं राहून मूळ कागदाचा प्रिंट दोन्ही हातांत धरला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. डावीकडे फांद्या दाट. डावीकडे घरं दाट. मधे विरळ, तिथे उतारावर पाच-सहा घरं.

“धोंडूआजा म्हणायचा, घर जिथं, फांदी तिथं,” सोनबा मागून म्हणाला. “कागदावर बोट ठेवला का माणूस कुठं ऱ्हातो ते कळाय पायजे. पोस्टमनलापन दावायचा तो.”

आजोबांचा अंदाज चुकलेला नव्हता. झाड कलंडलेलं नव्हतं. तो वाडीचा नकाशा होता. आणि शरदराव सबनीस, ड्रॉइंग मास्तर, यांनी तो सुंदर दिसावा म्हणून सरळ केला होता.

त्यांनी कागद तसाच धरून नजर उजवीकडे वर नेली. सात फांद्यांच्या जागी मंडप होता.

“सोनबा,” ते म्हणाले, “त्या टप्प्यावर आधी काय होतं?”

“काय नाय. मोकळाच टप्पा.”

“सात घरं होती.”

सोनबाचा चेहरा मिटला. “मास्तर, विझलेल्या घरांचा इषय नाय काढायचा. आमच्यात नाय चालत.”

“आरं, सांग की त्यांना,” ओटीवरून बयाबाई बोलली. आवाज एवढासा, पण सोनबा दचकला. “मी या घरात आले तवा सासूनं पयल्याच दिवशी सांगितलान, वरच्या टप्प्याला गुरा बांधू नको. का, तर नाय सांगितलान. तिला तिच्या सासूनं सांगितलेला नाय. गवात वाढायचा कमरेएवढा, पन कोन कापीत नव्हता. आमची गुरा पन जात नव्हती गो,” ती माझ्याकडे वळून म्हणाली. “आता पंखं लावल्यात तिथं.”

“चुलते, गप ऱ्हा,” सोनबा म्हणाला.

“गप ऱ्हावनच नव्वद झाल्या मला.”

आम्ही मंडपात गेलो. रितेश दहीहंडीच्या तयारीसाठी आधीच येऊन राहिला होता. त्याने हौसेने दार उघडलं. दार खालून घासलं. शरदरावांनी त्याकडे पाहिलं. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात टाइल्समधून केसाएवढी चीर गेली होती, खालपासून खिडकीपर्यंत.

“सेटल होतंय, सर. नवीन बांधकाम हाय, थोडा क्रॅक येतोच.”

“रितेश, तुझ्या या जागेला हरकत का आली नाही, माहितीये?” शरदरावांनी प्रिंट त्याच्यापुढे धरला. “हरकत घ्यायला कुणी उरलं नाही म्हणून.”

रितेशने वाचलं. मी त्याचा चेहरा बघत होते. क्षणभर तो सेक्रेटरी राहिला नाही, वाडीतला पोरगा झाला. मग सेक्रेटरी परत आला. “सर, शंभर वर्षं झाली. तवा मातीची घरं होती. इथं कॉलम टाकलाय, आठ फूट खाली. चार बस बुक हायत, पत्रिका वाटल्या, आता लोकांना काय सांगू? जुन्या कागदावर तीळ दिसला म्हणून परत जा?”

“ओपनिंग कर. फक्त रात्री तिथे माणसं झोपवू नकोस. शाळेत झोपव.”

“सर, प्लीज. तुम्ही फक्त फलक द्या. सात घरं काढून. टेन्शन नका घेऊ.”

परतताना रिक्षात शरदराव एकच वाक्य बोलले. “दोनशे माणसं, वहिनी. आणि ती नावं मीच पुसली.”

फलक त्यांनी वेळेवर दिला. कापडात गुंडाळून, शिवून. फाइल छपाईला जाण्याआधी मी पाहिली होती. म्हटलं, “शरदराव, वाडीतली माणसं आहेत. तुम्हाला मंडपाच्या खांबाला बांधतील.”

“बांधू देत. जवळून वाचता तरी येईल.”

गोकुळाष्टमीला दुपारी मंडप गच्च होता. मुंबईच्या बायका नव्या साड्यांत, पोरं टाइल्सवरून घसरतायत, कडेला गाद्यांची चवड आणि बॅगा. बाहेर धार लागलेली. नारळ फुटला, भाषणं झाली, आणि रितेशने कात्रीने कापडाची शिवण उसवली.

सोनेरी किनार होती. झाड होतं. पण सरळ केलेलं नाही; धोंडूने काढलं तसंच, वेडंवाकडं, घर जिथं फांदी तिथं. उजवीकडे वर सात फांद्या होत्या. सातांवरची पानं हिरवी नव्हती, मातकट होती. आणि त्या सातांभोवती शरदरावांनी बारीक तुटक रेघेने एक लांबट चौकोन काढला होता. आत लिहिलं होतं: नवा मंडप.

आधी कुणाला कळलं नाही. टाळ्याही पडल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका पोरीने, अपेक्षा म्हणून रितेशची पुतणी आहे, नाक लावून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. “मालोजी, श्रावण वद्य द्वादशी. विठू, श्रावण वद्य द्वादशी. काका, यांची सगळ्यांची डेट सेम का आहे?”

“अपेक्षा, बस खाली,” रितेश म्हणाला.

“वाच गो, वाच,” दारातून बयाबाई म्हणाली. तिला दोघींनी धरून आणलं होतं. “समदी वाच.”

पोरीने वाचलं. एकवीस नावं. तीनशे डीपीआय होतं, एकही अक्षर फाटलं नाही. ‘पोर’ आलं तेव्हा तिचा आवाज जरा अडला. मग शेवटचे दोन शब्द.

सोनबा उठून शरदरावांसमोर आला. मला वाटलं, हात उगारतो. तो म्हणाला, “मास्तर, तू आमची विझलेली घरा पेटवलीस. आता ह्यांना तेल कोन घालनार?” आणि उतरून आपल्या घरी गेला.

भांडण झालं नाही. ज्याची मी तयारी करून गेले होते त्यातलं काहीच झालं नाही. एक म्हातारी उठली, तिने चवडीतून आपली गादी ओढली आणि डोक्यावर घेऊन खाली चालायला लागली. मग दुसरी. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. अर्ध्या तासात गाद्यांची ओळ पावसातून प्लॅस्टिक पांघरून शाळेकडे उतरत होती, आणि तिच्या मागे बॅगा घेतलेले पुरुष, उगाच घाई नसल्यासारखं दाखवत.

रितेश फलकाखाली उभा होता. “सर, तुम्ही माझी इज्जत घालवलीत. आज रात्री मी झोपतो इथं, आम्ही सहा जण. सकाळी बोलू.”

शरदरावांनी हात जोडले. त्या माणसाने आयुष्यात इन्स्पेक्टरपुढेही हात जोडलेले नाहीत. रितेशने पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला, हसऱ्या तोंडांसकट. ‘सर, गुड मॉर्निंग. डोंगर जागेवर हाय. आम्ही पण. आज काल्याची पंगत मंडपातच.’ खाली देवळाच्या पायरीवरून काढलेला फोटो.

मला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला. म्हटलं, “झालं? सगळ्या वाडीला पावसात भिजवलंत. आता तुम्हाला हेदवाडीत पाणीसुद्धा विचारणार नाहीत.”

शरदराव फोनकडे बघत होते. “मोहरी पाठवलीय,” ते पुटपुटले आणि रितेशला लिहिलं: डॉक्युमेंट म्हणून पाठव. आमच्या त्या मास्तरांना मरणाच्या दारातही रिझोल्यूशन सुचेल, असं मी सुनीतीला म्हटलंही.

फोटो आला. त्यांनी तो आषाढातल्या फोटोवर ठेवला. दोन्ही त्याच पायरीवरून काढलेले. मंडपाचे कोपरे जुळवले, पायरीसमोरची दीपमाळ जुळवली. मग वरचा फोटो अर्धा पारदर्शक केला.

मंडप एकच दिसत होता. दीपमाळ एकच दिसत होती. ऐन दोन दिसत होते. एक होता तिथे, आणि दुसरा त्याच्यापेक्षा खाली, थोडा वाकलेला.

“फोटो काढणारा हलला असेल,” मी म्हटलं.

“मग मंडपही हलला असता.” त्यांनी फोन लावला. पलीकडे ढोलकी आणि पंगतीचा गलका मला भिंतीला कान न लावताही ऐकू येत होता. “रितेश, भांडू नकोस. एक कर. मंडपाच्या मागे जा, ऐनाच्या वरच्या अंगाला. गवत बाजूला कर आणि मला सांग, काय दिसतं.”

“सर, पंगत बसलीय—”

“जा.”

आम्ही तिघं फोनभोवती उभे होतो. पावलांचा आवाज, चिखल, त्याचा श्वास. मग गवत सरकल्याचा आवाज.

“सर.” आवाज रितेशचा होता, पण चेन घातलेला नव्हता. “भेग हाय. लांब गेलीय, दोन्हीकडे. वरून गवतानं झाकलीय.”

“किती खोल?”

“हात जातोय.” थोडं थांबून, “कोपरापर्यंत. आत पाणी वाजतंय, सर.”

“पंगत उठव.”

पंगतीतून अर्ध्यावर उठणं हा केवढा अपशकुन, ते मी सांगायला नको. हेदवाडीची माणसं भरल्या पानांवरून उठली. बयाबाई नंतर म्हणाली, पयल्यांदाच कुनी शानपना केला.

पुढचं थोडक्यात. तालुक्याहून माणसं आली, त्यांनी भेग मोजली, मंडपाला कुलूप आणि दाराला नोटीस लावली, खालच्या टप्प्यातली पाच घरं हलवायला सांगितली. चार हलली. बयाबाईला रितेशने पोलादपुरात त्याच्या बहिणीकडे ठेवलं. द्वादशीला शरदराव, सुनीती आणि मी सकाळपासून फोनजवळ बसलो होतो. पाऊस असा पडत होता की समोरचं घर दिसेना. तिथी आली आणि गेली. काही झालं नाही. डोंगराला पंचांग कळत नाही, एवढंच त्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं तारीख टळली की भीती टळेल. उलट आता तिला तारीखच राहिली नाही.

पाचवं घर सोनबाचं. तो हलला नाही. शरदराव दोनदा जाऊन आले, रितेश पाया पडला. सोनबाचं एकच म्हणणं. “त्या सात घरांची नावा तुमी परत लावलीत. आता मी उठलो तर माज्या चुलीत इस्तू कोन ठेवनार? माजा पन घर विझला, म्हनतील. मला मातकट पानावर नाय जायचा.” ज्या फलकाने दोनशे माणसं खाली उतरवली, त्याच फलकाने एक म्हातारा वर बांधून ठेवला आहे. शरदराव हे कुणाला बोलून दाखवत नाहीत. पण माझा कान भिंतीला आहे; रात्री सुनीतीशी ते दुसरं काही बोलत नाहीत.

फलक आता हेदवाडीच्या शाळेत लावलाय. देवळाच्या कट्ट्यावर शरदरावांनी रंगाने एक खूण केली आहे. दर रविवारी वाडीतलं जे कोणी असेल ते त्या खुणेवर फोन ठेवून फोटो काढतं आणि न सांगता डॉक्युमेंट म्हणून पाठवतं. शरदराव तो त्या बंद न केलेल्या फाइलमध्ये मागच्या फोटोवर ठेवतात. आधी ते मंडपाच्या खालच्या बाजूला जातात, सोनबाच्या अंगणात, आणि मोठं करत करत सोनबाला शोधतात. तो सापडला की मग वर जाऊन ऐन मोजतात. किती ठिपके खाली आला, ते वहीत लिहितात.

मी दर रविवारी त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहते. साखरेचं निमित्त आता काढत नाही.

“किती?”

उन्हाळ्यात तीन-चार असायचे. मृगानंतर सहा. आठ. मागच्या रविवारी नऊ.

या रविवारी त्यांनी दोनदा मोजलं, पेन्सिल खाली ठेवली.

“चौदा.”

“आणि सोनबा?”

“आहे. अंगणात बसलाय. काहीतरी निवडतोय.”

त्यांनी तो आणखी मोठा केला. सुपात काय होतं, तेही दिसत होतं. वाल होते, भात कापल्यावर पेरायचे.